जास्त तीन

पहिल्यांदा मला कुणी मोजलं तेव्हा माझ्या हातात अर्धा डझन केळी होती आणि मी बोरिवलीतल्या एका सोसायटीच्या गेटातून आत शिरत होते. गेटवरचे काका खुर्चीवरून उठले, त्यांनी माझ्याकडे बोट केलं, ओठ हलवले आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्हाला पाहुण्यांत टाकलंय. जाताना सांगून जा, नाहीतर आकडा जुळायचा नाही."

मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि मला मॅडम म्हणणारे ते पहिलेच. काका, मला नुसती नावाने हाक मारा, असं मी कितीदा सांगितलं. ते मान डोलवायचे आणि म्हणायचे, "हो मॅडम." काका तुरुंगातून सुटून आले होते, आणि तिथे ज्याच्या हातात फाईल तो साहेब नाहीतर मॅडम. माझ्या हातात फाईल होती. दुसरं काही नव्हतं.

मी समाजकार्याच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेज जे सांगेल ते मी जरा जास्तच खरं मानायचे. आठवड्यातून दोन दिवस आम्हाला एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करायला पाठवत. मला मिळालेली संस्था तुरुंगातून सुटलेल्या माणसांना कागदपत्रं, काम आणि राहायला जागा मिळवून द्यायची. तिथल्या ताईंनी पहिल्याच दिवशी दोन नियम सांगितले. फाईलमध्ये लिहिलंय त्यापलीकडे गुन्ह्याबद्दल विचारायचं नाही. आणि काम देणाऱ्यापासून तुरुंगाची गोष्ट कधीही लपवायची नाही. मी दोन्ही नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली दोन-दोन रेघा ओढल्या.

काकांच्या फाईलमध्ये लिहिलं होतं की दहिसरच्या चाळीत झालेल्या भांडणात त्यांच्या हातून एक माणूस मेला. शिक्षा अकरा वर्षं भोगली. वय बावन्न. सुटल्यावर ते आधी भावाकडे गेले होते. भावाने दारातच चहा दिला, कप परत घेतला आणि म्हणाला, "दादा, राग मानू नको. ही घाबरते." तेव्हापासून ते संस्थेच्या अंधेरीतल्या खोलीत एका खाटेवर झोपत. ती खाट महिनाअखेरीपर्यंतच त्यांची होती. एक तारखेला दुसरा माणूस सुटून येणार होता. आणि त्या खोलीचा पत्ता कुठल्याच कागदावर चालत नव्हता. आधार कार्ड दुरुस्त करायला पत्ता हवा, बँकेला आधार हवं, कामाला बँक हवी. काकांना म्हणजे थोडक्यात एक पत्ता हवा होता.

बोरिवलीची ती सोसायटी पाच मजल्यांची, वीस घरांची. वॉचमनला जिन्याखाली एक खोली होती, आणि तिथे राहतो असं पत्र सोसायटी देणार होती. एक महिना काम बघायचं आणि मग ठरवायचं, असं बोलणं झालं. त्या एका महिन्यात त्यांनी रोज अंधेरीहून यायचं आणि संध्याकाळी परत जायचं होतं.

कमिटीपुढे मी सगळं खरं सांगितलं. पाठ केलेलं ऐन वेळी विसरले म्हणून कागदावरून वाचलं. सोसायटीच्या त्या छोट्या ऑफिसात कमिटी पंख्याखाली दाटीवाटीने बसली होती. काका माझ्या शेजारी, खुर्ची असूनही, उभे होते.

वाचून झाल्यावर एक गृहस्थ म्हणाले, "ते सगळं ठीक आहे. पण यांना टाकीचा वॉल्व्ह कळतो का?"

"कळतो साहेब," काका म्हणाले.

"आधीचा झोपायचा हो," एक बाई म्हणाल्या. "त्याच्या आधीचाही झोपायचा. तुम्ही झोपता का?"

"साडेनऊ ते पाच, बाई. पण आता तुम्ही सांगाल तेव्हा."

"आणि मध्येच पळून नाही ना जाणार? त्याच्या आधीचा पळाला होता."

काकांनी प्रश्नाचा नीट विचार केला. "नाही साहेब," ते म्हणाले. "अकरा वर्षांत कधी गेलो नाही."

सेक्रेटरी साठीचे होते. शर्ट खोचलेला, खिशाला दोन पेनं. ते एवढा वेळ काकांकडे बघत होते. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचा माणूस मला आवडला. अशा माणसाला शिस्त असते आणि तो उलट बोलत नाही." मला हे ऐकून बरं वाटलं. वॉचमन लोकांचा काही भरवसा नसतो, असंही ते त्याच दमात म्हणाले. माझे बाबा चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमन आहेत. ते मी सांगितलं नाही. कॉलेजातही सांगितलेलं नव्हतं, तिथे मी 'प्रायव्हेट नोकरी' म्हणायचे.

पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्यामुळे झाली. कामाच्या पहिल्या दिवशी काका गेटशी अवघडून उभे होते. आम्हाला वर्गात नुकतंच शिकवलं होतं की माणसाच्या उणिवा बघू नयेत, त्याला काय येतं ते बघावं. मी त्यांना तेच सांगितलं. "काका, टेन्शन घेऊ नका. अकरा वर्षांत तुम्ही काहीतरी शिकला असालच ना? तेच इथे वापरा."

"जे शिकलो ते?" त्यांनी दोनदा विचारलं.

"हो. तेच."

त्यांनी वापरलं. तुरुंगात संध्याकाळी बराकी बंद करण्याआधी गिनती होते. सगळ्यांना जोडीजोडीने बसवून मोजतात आणि आकडा जुळल्याशिवाय कुणी हलायचं नाही. काकांनी सेक्रेटरींकडून सोसायटीची यादी मागून घेतली. यादीत एकाहत्तर माणसं होती. मग एका दोनशे पानी वहीत पट्टीने रेघा ओढून रकाने पाडले. एकूण. आत. बाहेर. आणि बाहेरच्या खाली आणखी तीन. कोर्ट, हॉस्पिटल, रजा.

पहिल्या आठवड्यात लोक वैतागले. चौथ्या मजल्यावरचे एक जण ऑफिसला निघाले असताना काकांनी त्यांना अडवलं आणि कोर्ट की हॉस्पिटल असं विचारलं.

"मी काय मेंढरू आहे का मोजायला?"

"नाही साहेब. तुम्ही अडतीस."

स्वतःलाही ते सोडत नव्हते. समोरच्या टपरीवर चहा प्यायला जाताना ते वहीत स्वतःचं नाव लिहीत, 'रजा, सहा मिनिटं', आणि तरी गेटच्या आत घुटमळत. एकदा मी तिथे होते तर मला म्हणाले, "मॅडम, जाऊ का बाहेर?" गेटची किल्ली त्यांच्याच खिशात होती.

मग एके दिवशी संध्याकाळी सहाला त्यांनी खाली खेळणाऱ्या मुलांना जोडीजोडीने बसवलं. सतरा मुलं पार्किंगमध्ये दोन रांगांत मांडी घालून पंधरा मिनिटं गप्प बसली. वर गॅलऱ्यांमधून आयांनी हे पाहिलं. इतकी वर्षं या मुलांना एका जागी बसवणं कुणालाच जमलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोन आया खाली आल्या, त्यांनाही काकांनी बसवलं. आठवड्याभरात सहाची गिनती हा त्या इमारतीचा कार्यक्रम झाला. म्हाताऱ्यांना खुर्च्या, बाकीच्यांना सतरंजी. कोण कुणाच्या जोडीला बसणार यावरून रुसवेफुगवे झाले. गळतीवरून सहा वर्षं अबोला असलेल्या दोन घरांतल्या बायका रांगेतून उरल्या म्हणून एका जोडीत बसल्या आणि बसल्या बसल्या गळतीवरून भांडल्या. माझ्या कॉलेजच्या अहवालात 'समस्या, हस्तक्षेप, परिणाम' असे रकाने असत. परिणामाच्या खाली मी लिहिलं, 'सभासदांमध्ये संवादाला सुरुवात.' ऑफिसमधून उशिरा येणारे गेटातून शिरतानाच ओरडू लागले, "चारशे दोन, आत!"

दुसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहायच्या. त्यांची दोन्ही मुलं परदेशात. त्या पावणेसहालाच पावडर लावून, इस्त्रीचं पातळ नेसून खाली येऊन बसायच्या. मला एकदा म्हणाल्या, "मुलं फोनवर विचारतात औषध घेतलंस का. हा माणूस नुसतं बघतो, मी आहे का. मला हे जास्त बरं वाटतं गं."

मला वाटत होतं, जमलं. महिना संपायला दहा दिवस होते.

त्या आठवड्यात मी गेले तर काकांचा चेहरा उतरलेला. मला पाहताच उभे राहिले, पण मोजायचं विसरले.

"काय झालं काका?"

"मॅडम, आकडा जुळत नाही. तीन कमी असते तर समजून घेतलं असतं. तीन जास्त भरतायत."

"असतील कुणाचे तरी पाहुणे."

"पाहुण्यांचा रकाना वेगळा केलाय. पाचव्यावर एक घर आहे, यादीत त्याच्यापुढे 'बंद' लिहिलंय. मागच्या गॅलरीत तीन टॉवेल वाळत असतात. बंद घराला टॉवेल कशाला लागतात?"

त्यांनी दोन दिवस अंधेरीहून पहिल्या लोकलने येऊन पाळत ठेवली होती. तीन तरुण, पहाटे जिन्याने उतरतात, लिफ्ट वापरत नाहीत, चपला हातात धरतात. वहीत लिहिलं होतं, 'एकूण ७४. यादी ७१. जास्त ३. शोध चालू.'

"हे कुणाला सांगितलंत?"

"सेक्रेटरी साहेबांना. कालच सांगितलं. म्हटलं साहेब, तीन जास्त आहेत, पण घाबरू नका, मी शोधून काढतो."

"मग ते काय म्हणाले?"

"त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाले, छान."

त्याच दिवशी मला सेक्रेटरींच्या घरून बोलावणं आलं. त्यांच्या बायकोने कांदेपोहे दिले. सेक्रेटरी बराच वेळ माझ्या शिक्षणाबद्दल बोलले. मग टेबलाच्या खणातून त्यांनी एक कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. सोसायटीचं पत्र. काकांचं नाव, खाली 'वॉचमनची खोली, तळमजला' आणि पूर्ण पत्ता, पिनकोडसकट. फक्त सहीची जागा कोरी होती.

"टाईप करून तयार ठेवलंय," ते म्हणाले. "माझ्याकडून काही अडचण नाही. फक्त तुमच्या माणसाला जरा समजवा. एवढं बारीक मोजायची गरज नसते. एकाहत्तर म्हणजे एकाहत्तर."

मी पोहे खाली ठेवले. नक्की काय समजवायचं ते मला खरंच कळलं नव्हतं. जिना उतरताना आजी भेटल्या तेव्हा मी त्यांना विचारलं, "आजी, पाचव्यावरचं बंद घर कुणाचं?"

"अगं, त्याचंच ना," त्या म्हणाल्या आणि मी जिथून आले त्या दाराकडे हनुवटीने खूण केली. "भाड्याने दिलंय पोरांना. गुणी पोरं आहेत, जिन्यात भेटली की नमस्कार करतात."

खाली नोटीस बोर्डावर एक कागद लावलेला होता. विनापरवानगी भाडेकरू ठेवणाऱ्या सभासदांवर कडक कारवाई करण्यात येईल. खाली सेक्रेटरींची सही, दोन पेनांपैकी एकाने केलेली.

मी काकांना सांगितलं ते घर कुणाचं आहे. मला वाटलं ते घाबरतील. त्यांना उलट हायसं वाटलं. "म्हणजे साहेबांना माहितीच आहेत ती तिघं! मग यादीत घालायला सांगतो. चौऱ्याहत्तर झाले की विषय संपला."

"काका, त्यांना ते लिहायला नकोय."

"पण माणसं आहेत ना, मॅडम."

मी म्हटलं, सोडून द्या, तीन माणसांनी काय होतं. तेव्हा त्यांनी मला तुरुंगातली एक संध्याकाळ सांगितली. एकदा गिनतीत एक जास्त भरला. "कमी भरला तर माणूस पळाला, एवढं तरी कळतं. जास्त भरला की कुणालाच कळत नाही काय झालं ते. तीन तास सगळे बसून. पुन्हा मोजले, पुन्हा एक जास्त. साहेब लोकांना घाम फुटला."

"मग? कोण होता?"

"वायरमन. पंखा दुरुस्त करायला आला होता बाहेरून. सगळ्यांना बसा म्हटलं, तर तोही बसला बिचारा. मोजलं नसतं तर राहिला असता आतच."

संस्थेच्या ताईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "तुला काय वाटतं?" त्या नेहमी असंच विचारायच्या, तशी पद्धत आहे. मला काय वाटतं ते मला माहीत असतं तर मी फोन केला नसता.

घरी बाबा ड्युटीवर जायच्या तयारीत होते. युनिफॉर्मच्या शर्टाची बटणं लावत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बाबा घरात मालवणीच बोलतात.

"बाये," ते म्हणाले, "तुझ्या त्या काकाक काम येना नाय. वॉचमनान सगळा बघूचा, पण लिवचा अर्धा. रजिस्टर खरा नसला तरी चलता, भरलेला होया."

"पण बाबा, ते खोटं झालं ना."

"मगे? माझ्या रजिस्टरात गेली सात वर्सा रोज दोन वाजता मालक राउंडाक येता. मालकाक मी अजून बघूक नाय."

ते सायकल घेऊन गेले. मी वहीचं पहिलं पान काढून बसले. काम देणाऱ्यापासून काही लपवायचं नाही, असं तिथे होतं. काम देणाराच लपवत असेल तर काय करायचं, ते लिहिलेलं नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, रविवारी, सकाळी अकराला पार्किंगमध्ये सोसायटीची सभा भरली. मीही गेले. काकांच्या सामानाची पिशवी त्यांनी अंधेरीहून बरोबरच आणली होती, कारण खाट सकाळीच रिकामी करून द्यावी लागली होती. पिशवी गेटच्या खुर्चीखाली ठेवलेली होती. विषय दोनच होते, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि वॉचमन. वॉटरप्रूफिंगवर दीड तास गेला. मग सेक्रेटरी उभे राहिले आणि म्हणाले की वॉचमन प्रामाणिक आहे, पण नेमून दिलेल्या कामापेक्षा जास्त करतो, त्यामुळे सभासदांच्या खाजगी आयुष्यात ढवळाढवळ होते, सबब त्याला पुढे ठेवू नये.

"मग सहाला पोरांना कोण बसवणार?" एक आई लगेच म्हणाली.

"ढवळाढवळ काय केली ते तरी बघू," दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई म्हणाल्या. त्या बँकेत होत्या. त्यांनी काकांकडून वही घेतली आणि मोठ्याने वाचली. "एकूण चौऱ्याहत्तर. यादी एकाहत्तर. जास्त तीन. शोध चालू."

मला वाटलं, आता सेक्रेटरींची वाट लागली. पण तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ ताडकन उठले. "तो माझा भाचा आहे! पाहुणा आहे तो. दोन वर्षांत जाणार आहे."

"सासूबाई तात्पुरत्याच आहेत," चौथ्या मजल्यावरून आलेल्या एक बाई म्हणाल्या. "चार वर्षं झाली म्हणून काय झालं?"

आणखी दोघं-तिघं बोलायला उठले. काका गडबडून पुढे झाले. "नाही नाही, साहेब, बसा. भाचा धरलाय मी. मोठी मुलगी लग्न होऊन गेली ना तुमची, तिच्या जागी. आणि बाई, तुमच्या सासूबाई पण धरल्यात. यादीत त्यांचे यजमान अजून आहेत, वारलेले, त्यांच्या जागी घातलंय. ते सगळं जुळतं. हे तीन वेगळे."

"मग हे तीन कोण?" बँकेतल्या बाईंनी विचारलं.

सेक्रेटरी खोकले.

"पाचव्यावरची पोरं असतील गं," आजी खुर्चीतून म्हणाल्या. "आणखी कोण?"

कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. मी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. सगळ्यांना माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. भाच्याचं माहीत होतं, सासूबाईंचं माहीत होतं, यादीतल्या वारलेल्या आजोबांचंही माहीत होतं. कुणी कुणाचं बोलत नव्हतं, एवढंच. आता ते एका वहीत निळ्या शाईने लिहिलं गेलं होतं आणि त्या वहीकडे सगळे असे बघत होते जसं काही ती पोलीस स्टेशनातून आलीय.

मग जे झालं ते मी तेव्हाच लिहून घेतलं, नाहीतर आज माझाच विश्वास बसला नसता. भाचेवाल्या गृहस्थांनी सूचना मांडली, सासूबाईवाल्या बाईंनी अनुमोदन दिलं आणि हात वर करून ठराव पास झाला. या इमारतीत एकाहत्तर माणसं राहतात. सर्वानुमते. वॉचमनला कायम करावं, सहाची गिनती चालू ठेवावी, मात्र वहीत एकाहत्तर लिहावं. सेक्रेटरींनीही हात वर केला. त्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता.

काका कपाळाला आठ्या घालून उभे होते. "साहेब," ते म्हणाले, "हे ठरवून कसं होईल? हे मोजून होतं ना?"

"ठराव झालाय. सर्वानुमते झालाय."

"पण मग तिघांना कुठे टाकू? हॉस्पिटल? कोर्ट?"

"रजेवर टाका," कुणीतरी सुचवलं.

"कुठेच टाकू नका," सेक्रेटरी म्हणाले.

"कुठेच नाही, असा रकाना नाही साहेब."

लोक हसले. काका हसले नाहीत. सेक्रेटरींनी खिशातून जिन्याखालच्या खोलीची किल्ली काढली आणि पत्रावर सही करून दोन्ही स्वतःच्या हातात ठेवली. "आज सहाची नोंद झाली की देतो," ते म्हणाले. आवाज चांगला होता, त्यात धमकी नव्हती. घाई होती फक्त.

सहा वाजेपर्यंत मी तिथेच थांबले. एकदा काकांनी पिशवी उचलली, तिचा बंद तपासला आणि परत खाली ठेवली.

सहाला नेहमीसारखे सगळे उतरले. सतरंजी घातली गेली, मुलं बसली, आजी बसल्या. आणि मग लिफ्टचं दार उघडलं आणि तीन तरुण बाहेर आले. पायांत चपला, हात मोकळे. मला आधी कळेना हे असे उघड कसे आले. मग लक्षात आलं की आता त्यांना लपायचं काहीच कारण नव्हतं. सभेनेच ठरवलं होतं की ते नाहीत. त्यांच्यातला एक लाजत म्हणाला, "अंकल, आम्ही कुठे बसू?"

काकांचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदा सैल झाला. "दोघं इथे," ते म्हणाले. "आणि तू आजींच्या बाजूला."

त्यांनी मोजलं. बोट करून, ओठ हलवत, रांगांमधून पुढे जाऊन आणि मागे येऊन. शेवटी मोठ्याने म्हणाले, "चौऱ्याहत्तर. जुळले!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी पहिल्या रांगेत बायकोच्या जोडीला बसले होते, त्यांनीही वाजवल्या.

मग काका टेबलाशी आले. वही उघडली, तारीख घातली. 'एकूण'च्या रकान्यावर पेन टेकवलं आणि थांबले. पेनाखाली एक निळा ठिपका हळूहळू मोठा होत गेला. सगळे बघत होते. एक मूल उठायला लागलं तर त्याच्या आईने त्याला परत बसवलं, कारण नोंद झाल्याशिवाय कुणी हलायचं नसतं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, काय करू?"

त्यांनी असं विचारायला नको होतं. वर्गात शिकवलं होतं की निर्णय त्या माणसाचा त्याने घ्यायचा असतो. पण पणाला लागलेली खोली त्यांची होती आणि वही माझ्याकडे सरकवलेली होती. मी खुर्चीखालच्या पिशवीकडे पाहिलं. मग मी जे बोलले ते बरोबर होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"लिहा काका," मी म्हटलं. "एकाहत्तर लिहा."

"माझ्या हाताने नाही व्हायचं," ते म्हणाले. कुरकुर नव्हती त्यात. एखाद्याला जड वस्तू उचलायला जमत नाही तसं सांगितलं. आणि पेन माझ्यापुढे धरलं.

मी पेन घेतलं. शाईचा ठिपका अजून ओला होता, त्याच्या शेजारी जागा होती. मी सात काढला, एक काढला. घाईत आकडे वाकडे आले. सेक्रेटरी उठून आले, त्यांनी वाकून बघितलं आणि किल्ली आणि पत्र टेबलावर ठेवलं. माणसं उठू लागली, सतरंजी झटकली गेली.

काकांनी पत्राची घडी घालून ते वरच्या खिशात ठेवलं. किल्ली मुठीत धरली. मग वही स्वतःकडे ओढून माझा आकडा जवळून पाहिला.

"मॅडम, सात अर्धाच वळलाय," ते म्हणाले. "नीट काढा. उद्या कुणी एक समजेल."

मी सात पुन्हा गिरवला.